मधल्या कड्याला कोणता रंग?

प्रिय शांता,

दोन जुलै एकोणीसशे शहाऐंशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, तक्रार करायची तर रडायचं नाही. तारीख घालायची, वेळ घालायची आणि उत्तराची मुदत घालायची. तू गेलीस म्हणून तुला सूट मिळेल, असं समजू नकोस!

गेल्या आठवड्यात मी लायब्ररीचं पुस्तक परत करायला कॉलेजात गेले होते. निवृत्त झाले तरी पाय आपल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे वळतातच. दारात पोचले आणि तिथेच थबकले. येत्या सोमवारी विद्यापीठाची कमिटी येणार म्हणून सगळ्याला ऑइलपेंट. बाकं राखाडी, कपाटं राखाडी, स्टुलं राखाडी. आणि भिंतीवरचं तुझं मॉडेलही राखाडी!

हे कोणी करावं? सुरेशनं! आपला सुरेश, बेडकाला चिमटा लावताना डोळे मिटून घेणारा. तुझ्या खुर्चीवर आता विभागप्रमुख म्हणून तोच बसतो.

“मॅडम, एकसारखं केलं की बरं दिसतं,” म्हणाला.

“गाढवा, एकसारखं राहत नाही, हेच तर ते दाखवत होतं!”

बिचारा मॉडेलकडे बघतच राहिला. मग कानापर्यंत लाल झाला. तेवढा एकच रंग त्या खोलीत उरला होता.

दिवाळीची अख्खी सुट्टी तू त्या मॉडेलवर घालवली होतीस. अंड्यातल्या पिल्लाचा मज्जारज्जू तयार होताना आडवा कापला तर कसा दिसेल, ते परातीएवढ्या प्लास्टरमध्ये. खाली पिवळी नोटोकॉर्ड, म्हणजे पाठीचा कणा होण्याआधीची ती कांडी. तिच्या जवळच्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी लाल. वर पाठीकडच्या, कातडीकडून आलेली खबर घेणाऱ्या निळ्या. मधल्या निरोप्या हिरव्या. सुरुवातीला सगळ्या सारख्याच, मग कोण काय होणार हे ठरतं कशावर?

“जन्मानं नाही ठरत, पोरांनो,” तू म्हणायचीस. “कुठे उभं राहायला मिळालं आणि शेजारी कोण होतं, त्यावर ठरतं.” मागच्या बाकावरची मुलं तेव्हा वर बघायची. गावकुसाबाहेरच्या कॉलनीतून या खुर्चीपर्यंत तू कशी आलीस, ते तू वर्गात कधी सांगितलं नाहीस. सांगायची गरज होती का?

आठवतं, इंदिरानगरच्या माझ्या घरी आपण खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायचो? कवचाला खिडकी पाडून आत बघायचो. तुझी आई एकदा बघायला आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, “लय शिकल्या गं पोरी! अंडं खायचं सोडून त्याला खिडक्या पाडत्यात!” आणि त्याच दिवशी वीज गेली. अंडी गार पडतील म्हणून तू हाताला लागलं ते खोक्याभोवती गुंडाळलंस. ती माझी पैठणी होती, शांता! येवल्याची, लग्नातली! अंडी वाचली, पण पैठणीला त्यांचा वास राहिला आणि पुढच्या मुंजीत माझ्या शेजारी कोणी बसेना. त्याबद्दल तू अजून माफी मागितलेली नाहीस.

असो. मूळ तक्रारीकडे येते.

सुरेशला मी सांगितलं, पुन्हा रंगव. तो म्हणाला, “रंगवतो, पण तुम्ही सांगायचं. शनिवारपर्यंत झालं नाही तर अडगळीत ठेवावं लागेल, भिंतीवर राखाडी भोपळा टांगून कमिटीला काय सांगू?” तेव्हापासून रोज जाते. तो बाह्या सरसावून स्टुलावर चढतो, मी खालून ओरडते. पिवळा झाला, लाल झाला, निळा झाला. हिरवा तर त्यानं न विचारता बरोबर लावला. तू शिकवलेलं सगळंच वाया गेलं नाही!

आज मधल्या पोकळीभोवतीचं कडं राहिलं. तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते आहे. तिथल्या पेशी अजून विभागत असतात, कोण होणार ते दिसत नाही. तू ते कडं पांढरं ठेवलं होतंस. मी किती वर्षं भांडले! “अगं, नोटोकॉर्ड खालीच आहे, खालच्या पेशींचं आतून ठरलेलंच असणार. निदान फिकट लाल दे!”

“ठरलेलं तू पाहिलंस?”

“पाहिलं नाही, पण…”

“मग पांढरं.”

चहा गार व्हायचा, भांडण नाही.

आज सुरेशनं वरूनच विचारलं, “मॅडम, कड्याला फिकट लाल ना? तुम्ही नेहमी म्हणायचात तसा?”

शांता, ब्रश भिजलेला होता. अडवायला तू नव्हतीस. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचं भांडण जिंकले असते! पण समोर कोणी नसताना जिंकायचं, ही कसली जीत? मी त्याला म्हटलं, “थांब. शांताबाईंना विचारते.” त्यानं वेड्यात काढलं नाही. गुपचूप खाली उतरला आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला.

तेव्हा कळव. लेखी. शनिवारी दुपारी बारापर्यंत. माझं म्हणणं तुला पटलं असेल तर तसं स्पष्ट लिही, खाली सही कर. उत्तर आलं नाही, तर कडं पांढरंच राहील. मी स्वतः स्टुलावर चढून ते रंगवीन. आणि पुढच्या रंगकामाला तिथे खुर्ची टाकून बसेन, हे वचन. मी आहे तोवर त्याला कोणी राखाडी हात लावून दाखवावा!

अजूनही न पटलेली,
तुझी मालती