फोडलेली भिंत तशीच राहू देणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, धामणखेड,
जि. अमरावती.

अर्जदार : सौ. भावना देवानंद खंडारे, सेवानिवृत्त आरोग्य सेविका,
रा. भूखंड क्र. १७, संकल्प कॉलनी, धामणखेड.

विषय : अर्जदार यांच्याच तक्रारीवरून शेजारी श्री. गजेंद्र मोहोड यांना बजावलेली, भिंत पुन्हा बांधण्याची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदार यांची तक्रार, दि. १७ जुलै २०२३.
२) आपल्या कार्यालयाची श्री. मोहोड यांना नोटीस, दि. २१ मे २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार सविनय निवेदन करतात की, संदर्भ क्र. १ ची तक्रार अर्जदार यांनीच केली होती व तीत लिहिलेले सर्व खरे होते. त्या तक्रारीवर आता कारवाई झाली आहे. ती पूर्ण झाल्यास येत्या पावसाळ्यात अर्जदार यांच्याच घरात पाणी शिरेल. हे कसे झाले ते दोन ओळींत सांगण्यासारखे नाही. अर्ज लांबला आहे, तरी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

१. अर्जदार यांनी नोकरीत असताना संकल्प कॉलनीत भूखंड घेऊन तीन खोल्यांचे घर बांधले. मंजूर नकाशात चारही बाजूंना जेवढी जागा मोकळी सोडा म्हटले होते, तेवढी सोडली. त्या जागेत लिंबू, कढीपत्ता आणि शेवगा लावला. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस आला की ती आधी पोटभर पिते, मग उरलेले पुढे सोडते. उरलेले पाणी मागच्या रिकाम्या भूखंड क्र. १८ वरून नाल्यात जात असे. कॉलनीचा उतारच तसा आहे. पाण्याची कोणाला आठवणही राहत नव्हती.

२. पुढे भूखंड क्र. १८ श्री. गजेंद्र मोहोड यांनी घेतला. ते मूळचे वरूडकडचे, संत्र्याच्या बागा घेणारे व्यापारी. मुलांच्या शाळेसाठी ते आई मैनाबाई यांच्यासह येथे राहावयास आले. त्यांनी मुरूम टाकून जागा उंच केली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घर बांधले, उरलेल्या जागेवर गाडी उभी राहावी म्हणून सिमेंट ओतले आणि अर्जदार यांच्या बाजूने पक्की भिंत घातली. गच्चीचे दोन्ही पाइप अर्जदार यांच्या अंगणात उघडतात. अर्जदार यांनी समक्ष जाऊन सांगितले असता श्री. मोहोड हसून म्हणाले, की पाणी काही त्यांनी आणलेले नाही, ते वरून येते आणि खाली जाते. त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, पण ऐकूनही घेतले नव्हते. त्या पावसाळ्यात अंगणात पाणी साचले, शेवगा पडला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला.

३. म्हणून संदर्भ क्र. १ ची तक्रार केली. आपले कनिष्ठ अभियंता आले, टेप लावला आणि बाजूचे मोकळे अंतर सोडलेले नाही हे त्यांनी मान्यही केले. परंतु ते बांधकाम शुल्क भरून घेऊन आधीच नियमित झाले असल्याने कागदोपत्री तेथे आता कोणतेही उल्लंघन शिल्लक नाही, असे त्यांनी समजावले. पाणी कागदोपत्री कोठे जाते, असे अर्जदार यांनी विचारले. त्यांनी अर्जदार यांना स्वतःचे घर उंच करण्याचा सल्ला दिला व तक्रार प्रलंबित ठेवली.

४. त्यानंतर आपल्याच कार्यालयाच्या आरोग्य विभागाकडून अर्जदार यांना नोटीस आली, की आपल्या आवारात पाणी साचून डासांची उत्पत्ती होत आहे. अर्जदार यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील उपकेंद्रात उभी नोकरी केली. घरोघरी जाऊन रांजण पालथे करा, डबकी बुजवा, हेच सांगितले. आपल्या कार्यालयाची नोटीस घेऊन जी मुलगी आली तिला हे काम अर्जदार यांनीच शिकवले होते. ती दारात मान खाली घालून उभी राहिली. अर्जदार यांनी सही केली आणि तिला चहा करून पाजला. त्या दिवशी अर्जदार यांना जेवण गेले नाही.

५. त्याच हिवाळ्यात अर्जदार यांचे पती श्री. देवानंद खंडारे यांना लकवा झाला. ते एस.टी.त चालक होते. चिखलदऱ्याचा घाट पावसात उतरणारा माणूस पलंगावर कूस बदलण्यासाठी दुसऱ्याकडे पाहू लागला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. एखादा शब्द निघतो तोही फार वेळाने.

६. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधील एका दुपारी अर्जदार पतींचे औषध आणण्यास चौकात गेल्या असता ढगफुटीसारखा पाऊस झाला. परत येईपर्यंत रस्त्याचे पाणी फाटकावरून आत पडत होते आणि पुढे जावयास वाट नसल्याने आतच चढत होते. फाटक पाण्याच्या दाबाने उघडेना. आत पती एकटे होते. अर्जदार यांनी हाका मारल्या. आतून उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही मारल्या. अर्जदार यांनी नोकरीत मरणे पाहिली आहेत, पण त्या फाटकाबाहेर त्यांना आपले हात कसे वापरतात तेच आठवेना.

त्या हाका श्री. मोहोड यांनी वरच्या खिडकीतून ऐकल्या. ते जिना उतरून, स्वतःच बांधलेल्या भिंतीवर चढून पलीकडे उतरले व मागचे दार ढकलून आत शिरले. पलंगाची गादी भिजून जड झाली होती व पाणी पतींच्या कानाशी आले होते. त्यांनी पतींना पाठीवर घेतले. मागच्या दाराने बाहेर आणून भिंतीशी लावलेल्या टेबलावर चढवले, आणि मैनाबाईंनी भिंतीपलीकडून धरून पतींना आपल्या घरात घेतले. फाटकाबाहेर उभ्या अर्जदार यांनाही मग रस्त्याने वळसा घालून तेथेच नेण्यात आले. मैनाबाईंनी पतींना स्वतःच्या अंथरुणावर निजवले, पाय चोळले, गरम पाण्याची पिशवी दिली. त्या घरात अर्जदार यांनी तोवर पाऊल ठेवले नव्हते.

श्री. मोहोड बराच वेळ त्या वरच्या खिडकीशी उभे होते. खाली अर्जदार यांचे घर विहिरीत टाकल्यासारखे दिसत होते आणि विहिरीची एक बाजू ही त्यांची भिंत होती. त्यांचे त्या वेळचे शब्द अर्जदार जसेच्या तसे नमूद करतात: "काकू, तुमी सांगून राहिल्या होत्या, पण मी या खिडकीतून इकडं कधी पाह्यलंच नव्हतं."

ते खाली गेले आणि सब्बल घेऊन भिंत फोडू लागले. पाणी उतरले, पण गुडघ्यापर्यंतच, कारण त्यांची जागा उंच. पाऊस उघडल्यावर त्यांनी माणसे लावून घराच्या कडेचे सगळे सिमेंट उखडले, मुरूम काढला, जमीन पूर्वीच्या उतारावर आणली आणि नाल्यापर्यंत दगडी नाली केली. गच्चीचे पाइप तिकडे वळवले. गाडी आता रस्त्यावर उभी असते. अर्जदार यांनी त्यांना तसे करा म्हटले नव्हते. उरलेल्या पावसाळ्यात अर्जदार यांच्या घरात थेंबभर पाणी आले नाही.

७. अशा स्थितीत गेल्या महिन्यात आपले पथक संदर्भ क्र. १ च्या प्रलंबित तक्रारीच्या पाहणीस आले. नियमित केलेल्या नकाशात भिंत आहे, जागेवर नाही. नकाशात सिमेंटचा वाहनतळ आहे, जागेवर माती आहे. म्हणून विनापरवानगी बदल केल्याबद्दल श्री. मोहोड यांना नोटीस देण्यात आली: भिंत बांधा, नाली बुजवा, वाहनतळ पूर्ववत करा, अन्यथा नगरपरिषद ते करील आणि नियमितीकरण रद्द होईल. जमीन झाकली तेव्हा ती नियमित ठरली आणि उघडली तेव्हा अनधिकृत ठरली, हे अर्जदार यांना कितीही वाचले तरी समजले नाही. नियमावलीने जी जागा मोकळी ठेवा म्हटले होते, तीच ही जागा आहे.

नोटिशीच्या माथ्यावर "सौ. भावना खंडारे यांची तक्रार" असे छापले आहे. तो कागद घेऊन मैनाबाई अर्जदार यांच्याकडे आल्या. त्यांना वाचता येते. त्या बसल्या नाहीत. "अशा कशा वो बाई तुमी," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. तक्रार जुनी आहे हे सांगावयास अर्जदार मागोमाग गेल्या, तोवर दार लागले होते.

८. दुसऱ्या दिवशी अर्जदार तक्रार मागे घेण्यास आपल्या कार्यालयात आल्या. कारवाई झालेली तक्रार मागे घेता येत नाही, असे टेबलावर सांगण्यात आले. उलट तक्रार आपल्या बाजूने निकाली निघाली असल्याने समाधान झाल्याची सही करा, असा कागद पुढे करण्यात आला. अर्जदार यांनी सही केलेली नाही.

९. परवा संध्याकाळी श्री. मोहोड घरी आले. त्यांनी गवंडी ठरवला होता. नियमितीकरण रद्द झाले तर घरच बेकायदा ठरते, बँकेचे कर्ज त्या घरावर आहे, मुले लहान आहेत. हे सर्व ते जमिनीकडे पाहून सांगत होते. शेवटी त्यांनी विचारले की, काकू, बांधू का भिंत. अर्जदार यांना हो म्हणवेना आणि नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार वाटेना. त्या उठून पाणी आणावयास आत गेल्या.

मागून पतींचा आवाज आला. त्यांना बराच वेळ लागला. शब्द फुटत होते, पण त्यांनी वाक्य सोडले नाही: "बांधू दे त्याले. आपल्यापायी त्याले काहून तरास."

अर्जदार बाहेर आल्या तेव्हा श्री. मोहोड पलंगाच्या कडेला बसले होते आणि पतींचा निकामी हात त्यांच्या हातात होता. त्यांनी तेथूनच गवंड्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितले. मग म्हणाले, "नाई बांधत काका. पाहू काय होते ते." जाताना रडले. मैनाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी कढीचा डबा घेऊन आल्या. या वेळी बसल्या.

तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, संदर्भ क्र. २ ची नोटीस मागे घ्यावी. भिंतीची फोडलेली बाजू, उघडी जमीन आणि नाली सुधारित नकाशात दाखवून त्यास मंजुरी द्यावी. त्यासाठी लागणारा अर्ज श्री. मोहोड देण्यास तयार आहेत. साहेबांनी एकदा समक्ष येऊन त्या वरच्या खिडकीतून पाहावे. खुर्ची मांडून ठेवू.

याउपर कारवाई करणेच भाग असल्यास, पथकाने येण्याची वेळ आगाऊ कळवावी. त्या वेळी अर्जदार व त्यांचे पती नालीच्या काठी, उघड्या जमिनीवर बसलेले आढळतील. पतींना स्वतः उठता येत नाही. त्यांना उचलण्यास दोन माणसे लागतात, ती पथकासोबत आणावीत. उचलताना उजव्या खांद्याखाली हात घालू नये, तो सांधा निसटतो. कमरेखाली एकाने व पाठीमागे एकाने हात द्यावा, मान सांभाळावी, आणि ते काही बोलू लागल्यास वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे.

सोबत : १) संदर्भातील दोन्ही कागदांच्या प्रती. २) समाधान झाल्याचा कागद, सही न करता परत.

आपल्या कार्यालयाची तक्रारदार
व श्री. मोहोड यांची शेजारीण,

(सौ. भावना देवानंद खंडारे)
धामणखेड, दि. २ जून २०२५