अजून दिसते, सोड

लोहारा, यवतमाळ
५ डिसेंबर २००७

प्रिय मधुवंती,

तुझा पत्ता आपल्या वर्गातल्या विक्कीकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, त्याने सरळ दिला नाही, मी भांडून काढला. समुद्राचं पाणी मोजायला निघणारं तुमचं जहाज गोव्याहून सुटायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला पाहिजे, म्हणून जिनिंगला दांडी मारून लिहितोय. दांडी तरी कसली! कापसाच्या गाठींना उठाव नाही, अर्ध्या मशिनी झाकून ठेवल्यात. कॉलेज सोडून दोन वर्षं झाली, पण माझं डोकं काही थंड झालं नाही. परवा पुन्हा तापलं, आणि तेही आपल्या लोहाऱ्याच्या तलावावरून.

तो हिवाळा आठवतो ना? एक दिवसाआड दुपारी उपग्रह आपल्या डोक्यावरून जायचा. तो वरून पाण्याचा रंग टिपणार, त्याच वेळी आपण खाली डोंग्यातून पाणी मोजणार, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते नीळकंठ सर बघणार. पाण्यात बारीक हिरवं शेवाळ जितकं जास्त, तितकं त्यांच्या चित्रात हिरवं. आणि आपलं यंत्र काय, तर माझ्या मायची ताटली! पांढरा रंग देऊन दोराला बांधली म्हणून तिने आठवडाभर मला उभं-आडवं धुतलं. मी मान खाली घालून दोराच्या गाठी मोजत दोर सोडायचो, तू डोंग्याच्या सावलीच्या बाजूने वाकून बघायचीस. ताटली दिसेनाशी झाली की थांबायचं; जितक्या जास्त गाठी, तितकं पाणी स्वच्छ. थांबलं की काम संपलं, आणि तू यवतमाळच्या एसटीत बसून घरी. "अजून दिसते, सोड." हे तुझं वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं. दोर संपत आला तरी तू म्हणायचीस, अजून दिसते. मी मनात म्हणायचो, वा रे आमच्या गावचं पाणी!

आणि मग तो सेमिनार. चित्रात तलाव हिरवागार आणि आपल्या आकड्यांत काचेसारखा स्वच्छ. सरांनी एवढंच विचारलं, आकडे नक्की बरोबर आहेत ना? मी पेटलो. काहून, खेड्यातल्या पोराले गाठी मोजता येत नाही का, असं भर वर्गात ओरडलो आणि खुर्ची लाथाडून निघालो. दारात थांबून तुझ्याकडे पाहिलं. तू खाली बघत होतीस, गप्प. मला वाटलं, शेवटी ऑफिसरची मुलगी, ती कशाला माझ्या बाजूने बोलेल? त्या एका गप्प बसण्यावर मी कॉलेज सोडलं, मधु. कुणी समजवायला आलं तर त्याच्याशीही भांडलो.

सरांनी नंतर तुझ्या शब्दावर आपले आकडे धरले आणि चित्रंच चुकली असं ठरवलं, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. परवा गावात नळयोजनेची मीटिंग झाली. सर मोठे जाणकार म्हणून आले होते. त्यांनी तेच आकडे दाखवले. दोन वर्षांपूर्वी तलाव स्वच्छ होता, आता पार हिरवा झालाय, सडल्यासारखी दुर्गंधी येते. मग मधल्या काळात नवीन काय घडलं? गावाबाहेरच्या तांड्याची विहीर आटली आणि तांड्यावरच्या म्हशी तलावावर यायला लागल्या. झालं, म्हशी बंद करा! तांड्यावरची चंदाबाई उभी राहिली. म्हणाली, "माह्या म्हशी पाणी पेतात बाप्पा, रंगवत नाही!" लोक हसले. ती बसली नाही. त्या चार म्हशींच्या दुधावर तिचं घर चालतं, आणि दुसरं पाणी जवळपास कुठंच नाही.

मला कोण राग आला. दुसऱ्या दिवशी तीच ताटली घेऊन, तेव्हा आपल्याला वल्हवून न्यायचे त्या उकंडाकाकांच्या डोंग्यात बसलो. दोन गाठी सोडल्या आणि ताटली दिसेनाशी झाली. काकांना म्हटलं, किती खराब झालं हो पाणी! काका वल्हं थांबवून हसायलाच लागले. "आता कायचं खराब झालं? तवाही असंच होतं. तुले कसं दिसन बे, तू गाठी मोजून राह्यलता. अन् थे पोरगी पाण्यात पाहेच कुठं? थे तुह्या तोंडाकडे पाहे."

मधु, मी दोर हातात धरून तसाच बसलो. एकदा, फक्त एकदा मान वर केली असती तर! एसटी चुकावी म्हणून तू दोर लांबवत होतीस, आणि मी येडा पाण्याचं कौतुक करत होतो. सेमिनारमध्ये तू का गप्प होतीस, तेही तिथेच कळलं. तू काय सांगणार होतीस सगळ्यांसमोर?

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. डोंग्यातून उतरलो तो तडक सरांच्या घरी गेलो. म्हटलं, ते आकडे खोटे आहेत. मधुवंती थांब म्हणायची, मीच दोर आणखी सोडायचो आणि त्याच गाठी सांगायचो, ती जास्त वेळ थांबावी म्हणून. मग सरांनी जुनी चित्रं काढली. तेव्हाचा हिरवा आणि आताचा हिरवा, काडीचा फरक नाही. चंदाबाईच्या म्हशी आज तलावावर गेल्या. पण सर तुला लिहून विचारणार आहेत. तू एवढंच लिही, हो, धम्मरत्ननेच केलं. खरं सांगायच्या भानगडीत पडू नकोस. माझं नाव आधीच खराब आहे, त्यात अजून भर पडली तर बिघडत नाही. तुझ्या नावावर ते जहाजावरचं काम अवलंबून आहे. आणि समुद्रात ताटली सोडशील तेव्हा पाण्यातच बघ. दोर कोणाच्याही हातात असो.

दोर अजून धरून बसलेला,
तुझाच
धम्मरत्न