लालातला चिमटीभर हिरवा

अप्पा, तुमचा पांढरा टॉवेल आज मी देऊन टाकला. तोच, थेंबांच्या डागांनी भरलेला. सूत रंगवायच्या तुमच्या डाइंगमध्ये लाल रंग तयार झाला की तुम्ही एक थेंब त्याच्यावर सोडायचात आणि मला बोलवायचात. थेंब पसरतो, कडेला पिवळं उमटतं, मग लाल, आणि आत बारीकसं हिरवट. तेवढ्यात मी उठायला बघते. "बूड टेकव की गं! दम धर, पसरू दे त्याला." लालात चिमटीभर हिरवा टाकला की भडकपणा जातो, ही खोड सगळ्या डाइंगांत फक्त तुमची.

माझं बूड अजून टेकलेलं नाही. कॉलेज सोडलं, चार कामं धरली, सोडली. सध्या एका प्रयोगशाळेसाठी पाण्याच्या बाटल्या भरून आणते. मागं बाटल्या भरायला मंगळवेढ्याला गेले ती हुरडा खात तिथंच रमले, प्रयोगशाळेच्या मॅडम लई तापल्या. पण हे काम सोडवत नाही. पाण्यात मिसळलेले रंग तिथलं यंत्र सुटे करतं, कागदावर प्रत्येकाची वेगळी टेकडी काढतं. तुमचा थेंबच की!

नाल्याकाठच्या विहिरीला लालसर पाणी येतंय. आळ शेजारच्या छोट्या डाइंगवर आलाय, ते बंद व्हायची वेळ आलीय. आणि विहिरीच्या पाण्यात यंत्राला लालाबरोबर चिमटीभर हिरवाही सापडला. नमुना घ्यायला मी तुमच्या मालकांकडे गेले, तर हौदात नुसता साधा लाल. "आमी कदी हिरवा टाकलाच न्हाय. आन् तू तर घरचीच की गं, पोरी." तुमच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्याच घरून रोज डबा यायचा. मी त्यांचा चहा प्यायले आणि निघाले.

घरी येऊन ट्रंक उघडली. टॉवेलच्या किनारीत त्यांच्या डाइंगचं नाव विणलेलं आहे, वर तुमचे थेंब.

"विहिरीच्या पाण्याशी जुळवून बघते," टॉवेल हातात घेत मॅडम म्हणाल्या, "पण यात तुझ्या वडिलांचंही नाव येईल."

"येऊ द्या."

हौदाचं पाणी नाल्यात सोडताना मी तुम्हालाही पाहिलंय, अप्पा. आणि त्या विहिरीवर बायका अजून घागरी भरतात.

हे पत्र ट्रंकेत, टॉवेलच्या रिकाम्या जागी ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. टॉवेल देण्याआधी एक थेंब असलेला कोपरा मी माझ्यापाशी ठेवायला कापून घेतला. मॅडमना म्हटलं, उंदरानं कुरतडलाय. कात्रीची सरळ कड बघूनही त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं.