उपासात सोडलेली बहीण

रत्नागिरी,
९ मार्च २०२५

चि. चिमास अनेक आशीर्वाद. (तू सिस्टर असलीस तरी थोरली मी.)

राखेच्या बुधवारचं तुझं कार्ड काल मिळालं. माझ्या पत्रांची प्रार्थनेपेक्षा जास्त वाट पाहिली जाते, म्हणून ईस्टरपर्यंत ती उघडायची नाहीत आणि मे महिन्यातली घरची रजाही देवाला वाहायची, असं ठरवलंस म्हणे. लोक उपवासकाळात मटण सोडतात, दारू सोडतात. तू बहीण सोडलीस! चौतीस वर्षं पोस्टात काढली मी. पत्ता बरोबर असून न उघडलेलं पत्र म्हणजे काय, ते मला विचार. तरी लिहितेय.

शेजाऱ्यावर प्रीती करा, हे शाळेतल्या सिस्टरांनी आपल्या दोघींकडून शंभरदा लिहून घेतलं होतं. बहीण शेजाऱ्याहून परकी काय गो?

पहिले आंबे उतरले. अढीच्या खोलीत पेंढ्याशेजारी बसूनच लिहितेय. लहानपणी ईस्टरपर्यंत आंबा खायचा नाही, म्हणून तू पेंढ्यात तोंड खुपसून बसायचीस. मी चहाडी केली, तर आई उलट मलाच म्हणाली, की उपास तोंडाचा असतो, नाकाचा नव्हे.

आई गेली तेव्हा कॉन्व्हेंटचा नियम आड आला, तू आली नाहीस. मी गिळलं. आता दर तीन वर्षांनी पंधरा दिवस यायची मुभा आहे, तर नको तूच म्हणतेस. मला एकाहत्तर झाली. पुढच्या तीन वर्षांची हमी देत नाही.

लोभ असावा असं मागत नाही. तोच तर तू सोडलायस.

सगुणाताई

नाशिक,
ईस्टर, २० एप्रिल २०२५

ती. सगुणाताईस सा. न. वि. वि.

सकाळी मिस्सा झाल्यावर तुझं पत्र उघडलं आणि पोटभर ओरडा खाल्ला.

सारा उपवासकाळ ते प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. उघडलं नाही, पण पान उलटलं की पेंढ्याचा वास यायचा, आणि मी पाकीट नाकाशी धरायची. आईचं वाक्य आत आहे हे आज कळलं. पाळत मात्र रोज होते.

एक गोष्ट कधी सांगितली नाही. आई गेल्याची तार आली तेव्हा मी रडले नाही. मदरनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, की हिचं मन आता पुरतं देवाचं झालं. ताई, त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते. देवाची माया कशी असते हे मला कळलं ते पेंढा सारून, न दाबता आंबा उलटणाऱ्या आईच्या हातांवरून. ते हात पुसून टाकले, तर प्रार्थनेत माझ्यासमोर उरतं काय?

पवित्र गुरुवारी मनात आलं, मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभूलासुद्धा आपल्या माणसांबरोबर जेवायची ओढ होती. त्यानं ती सोडली नाही. मग मी कोण लागून गेले? उठले आणि रजा मागून घेतली.

दोन मेला पोचते. एक आंबा ठेव.

तुझीच,
चिमा

रत्नागिरी,
२४ एप्रिल २०२५

चि. चिमास आशीर्वाद.

पत्र दारातच उभ्यानं फोडलं. तुझ्या त्या मदरबद्दल समोरासमोर बोलीन. कागदावर मावायचं नाही.

मीही एक सांगितलं नव्हतं. जाताना आईनं अढीतला शेवटचा आंबा तुझ्यासाठी ठेवायला लावला होता. तू आली नाहीस. रागानं मी तो परसात भिरकावला. दर खेपेस ज्या रायवळाला तू आंबट म्हणून नावं ठेवतेस ना, तो त्याच कोयीचा.

यंदा लगडलाय. कुरकुर न करता खायचा.

लोभ आहे, हे दोन्हीकडून कळलं. आता ये.

ताई