झेंड्यांची फुली

दि. १२ सप्टेंबर

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईचा खोकला हटला का? लेकाची रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? माझं म्हणशील तर दात गेले, जीभ शाबूत आहे.

तुझ्या नातवाचं पत्र आलं. नौदलात वैमानिक व्हायचंय, शिफारस द्या म्हणतो. "मामाआजोबा, तुमच्यासारखंच!" इंजिनाला तेल घालता घालता पुस्तकं चाळून मी वैमानिक झालो, पदक मिळालं, स्क्वाड्रनचा प्रमुख झालो, हे सगळं तूच त्याला रंगवून सांगितलेलं दिसतं. शेवटी विचारलंय, आजोबा कसे गेले?

धाकटे, ते मी तुलाही खरं सांगितलेलं नाही.

दाजी विमानवाहू जहाजाच्या डेकवर, अगदी कडेला उभे राहून आम्हाला उतरवायचे. हातात दोन झेंडे. झेंड्यांची डोक्यावर फुली केली की उतरायचं नाही, पुन्हा फेरी मारायची. तिथे ॲडमिरलचंही चालत नाही. त्या सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "दादा, विमान उतरवता की म्हैस बसवता?" सगळे खो खो हसले. मला झोंबलं.

शत्रूचं बंदर जाळून परतलो. पंखाला भोकं, मागच्या सीटवरचा जोडीदार मेलेला, त्याचं रक्त माझ्या मानेवर. मी फार खालून येत होतो. दाजींनी फुली केली. "थांबा, दाखवतो म्हैस," म्हणत मी तसंच दामटलं. चाक कडेवर आपटून तुटलं, विमान आडवं घसरलं. उडी टाकायला त्यांच्या शेजारीच जाळी होती. ते शेवटपर्यंत झेंडे हलवत राहिले. पंखाने त्यांना कमरेतून कापलं, मग भडका उडाला. मी त्यांना जाळातून ओढलं हे खरं, पण हाती आले ते अर्धेच.

म्हणून तुला पेटी उघडू दिली नव्हती.

चौकशीत मी म्हणालो, पेट्रोल संपलं होतं, दुसरी फेरी शक्यच नव्हती. टाकीत तीन फेऱ्यांपुरतं होतं. मग एवढा जाळ कशाचा, असं कुणी विचारलं नाही. उलट छातीवर पदक लावलं. आणि तू दरवर्षी लिहितेस, "दादा, तू होतास म्हणून ते घरी तरी आले."

नातवाला अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्यासारखं व्हायचं असेल तर आधी मी कोण ते त्याला कळू दे. हे पत्र त्याला दाखवायचं की फाडायचं, ते तू ठरव.

मला मात्र लवकर लिही. शिव्या घाल, पण गप्प राहू नकोस.

तुझं कुंकू पुसणारा, तुझाच
दादा