परीक्षक क्रमांक दोनची कबुली

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापक, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. मुलाच्या गोड बोलण्याला भुलून तिने घर विकू नये.

२. माझी फिरती खुर्ची माजी विभागप्रमुखांना द्यावी. वर्षानुवर्षं त्यांचा तिच्यावर डोळा होता. मागे रेललं की ती माणसाला आपटते, हे त्यांना सांगत बसू नये.

३. टेबलाच्या खालच्या खणात एक शोधनिबंध आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने तो दुसरा परीक्षक म्हणून माझ्याकडे तपासायला पाठवला होता. लेखिका माझ्याच विभागातली, शेजारच्या खोलीत बसणारी. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणायचो. सिमेंटमधल्या भेगांबद्दलचं माझं सूत्र चुकीचं आहे, असं तिने दाखवून दिलं होतं. संपादकांनी परीक्षकाची कर्तव्यं स्पष्ट लिहिली होती: निबंध संपूर्ण वाचावा, स्वतःचा संबंध असल्यास कळवून बाजूला व्हावे, नाव गुप्त ठेवावे. मी नवव्या पानावर थांबलो, संबंध लपवला आणि ‘नाकारावा’ असं लिहून मोकळा झालो. गुप्तता तेवढी इमानेइतबारे पाळली.

नकाराचं पत्र घेऊन धाकटी रडत आली ती माझ्याच खोलीत. “सर, या परीक्षकाने नीट वाचलंच नाही हो!” मी चहा मागवला. म्हणालो, “अगं, असतात असे गाढव. मनावर घेऊ नकोस.” तिने घेतलं. संशोधन सोडून ती शाळेत गणित शिकवायला लागली. पुढे मी निबंध शेवटपर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती. मला माझी लाज वाटते, रोज वाटते.

४. माझ्या मृत्यूनंतर पत्नीने सोबतचं कबुलीपत्र संपादकांना पाठवावं. बायको म्हणते, “मेल्यावर कशाला? दोन गल्ल्या सोडून तर राहते ती. जा की!” माझा धीर होत नाही.

दुसरी साक्षीदार म्हणून धाकटीलाच बोलावलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं वकील म्हणाले. तिने वाचला तर मी अडवणार नाही.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: सात मार्च, सकाळ

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: (सही) शेजारचे डॉक्टर

साक्षीदार २: (सही नाही, मजकूर पेन्सिलीने)
सर्व पानं वाचली. कलम चार मान्य नाही. सर, लोकांना तुम्हाला जाब विचारता यायला हवा, आणि तो तुम्ही असतानाच विचारता येईल. पत्र आज जाऊ दे, मग सही करते. पाकीट चिकटवून द्या. मी बाहेर बसले आहे.