पिल्लांचा कप्पा

तीर्थरूप आईस धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथं संग्रहालयात जुनी हाडं साफ करतो. परवा शेळीएवढा एक हत्ती मी पिल्लांच्या कप्प्यात ठेवला. मॅडम म्हणाल्या, "अरे, दाढा बघ की, पार झिजल्यात. पिल्लू कसलं, म्हातारी आहे ही!"

त्या हत्तींचं बेट लहान, चारा कमी. थोडक्यात भागवणारे बुटके तेवढे तगले आणि हजारो वर्षांत सगळी जातच खुजी झाली. परवापासून तो कप्पा मला उघडवत नाही.

तुझा खुर्चीत बसलेला फोटो मिळाला. एवढी मोठी खुर्ची कधी घेतलीस, असं विचारणार होतो. तेवढ्यात खुर्चीच्या हातावर लहानपणी मीच पाडलेला इस्त्रीचा डाग दिसला.

आई, "माझं काय, थोडक्यात भागतं," असं पुन्हा लिहू नकोस.

तुझा धाकटा